खालच्या कप्प्यातलं नाणं

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. ठके,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात तब्येतीचं काही नव्हतं, नुसतं बदलीचं होतं. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रा पाळलाय, तो सगळ्या जिन्यात फक्त माझ्यावर भुंकतो. माणसं ओळखतो म्हणायचं.

बाबांच्या डोळ्यांचं विचारलं होतंस. डॉक्टर म्हणाले, मधलं गेलं ते गेलं, कडेकडेचं राहील. म्हणजे त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं तर मी दिसत नाही, आणि माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघितलं तर थोडीशी दिसते. मी म्हटलं, "मग फारसं काही बदललं नाही." ते हसले. ते वर्षाकाठी किती हसतात हे तुला माहीत आहे, म्हणून मुद्दाम कळवलं.

आता खरी बातमी. पेटी माझ्या हाती आली.

कुठली पेटी हे तुला सांगायला नको, पण मला सांगायची हौस आहे. बावीस वर्षं मी त्या कपाटावरची धूळ पुसली आणि एक वेळ सोडली तर पेटीला बोट लावलं नाही. घड्याळांचे सुटे भाग ठेवायची जुनी लाकडी पेटी, वर एक कप्पा, खाली एक. आत अकरा कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीत त्या त्या सालचं टांकसाळीचं चांदीचं नाणं, ज्या पिशवीतून विकत घेतलं त्याच पिशवीत, नाडीसकट. आणि प्रत्येक पिशवीच्या शिवणीला शेवटी एक उलटा टाका, जो तुझी आई घालायची.

ही उलट्या टाक्याची गोष्ट मी बाबांशी लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकली. बाबा टांकसाळीच्या खिडकीवर नाणं घ्यायला गेले, पिशवी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, शिवण चुकली आहे. घड्याळजीच तो, त्याला सगळीकडे चूक दिसायची. तेव्हा आतून शिवणकाम करणारी एक मुलगी उठून खिडकीशी आली आणि म्हणाली, "चुकली नाही. माझी ओळख आहे ती." पुढे दर वर्षी बाबा रांगेत उभे राहायचे आणि पिशव्या चाचपून उलटा टाका सापडेपर्यंत मागच्या माणसांच्या शिव्या खायचे. मग टांकसाळीत प्लॅस्टिक आलं, शिवण बंद झाली, आणि बाबांनी नाणी घेणंही बंद केलं. लोक मला हे असं सांगायचे की जणू मी पाहुणी आहे आणि गोष्ट ऐकून घरी जाणार आहे.

असो. आता त्यांना दिसत नाही, आणि पिशवीच्या कापडाने नाण्यांवर चढत जाणारा रंग कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी एक पिशवी उघडायची, नाणं खिडकीत धरायचं आणि बघून सांगायचं, असं ठरलंय. ह्याआधी त्या पेटीतलं एकच काम माझ्याकडे आलं होतं. मागच्या वर्षी त्यांच्या हातून पिशव्या घसरायला लागल्या तेव्हा मी खालच्या कप्प्यात रबर अंथरून दिलं. वरच्या कप्प्याला पुरलं नाही, तिथे पुठ्ठा घातला. आता बढती मिळाली. सुती हातमोजे घालायचे, नाणं कडेला धरायचं, घासायचं नाही, फुंकर मारायची नाही, नाण्यावर तोंड धरून बोलायचं नाही. "बोलायचं नाही" हे दोनदा सांगितलं.

चार रविवार झाले, चार नाणी झाली. ठके, मी वीस वर्षं कपडे रंगवायच्या दुकानात काढली. रंगाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. मला वाटलं होतं, जुन्या चांदीवरचे डाग, त्याचं काय एवढं कौतुक! पहिलं नाणं बाहेर काढलं आणि गप्प झाले. कडेला मोतिया, मग केशरी, मग गुलबक्षी, मग मधोमध मोरपंखी, आणि त्या सगळ्यावर पिशवीच्या कापडाची वीण उमटलेली, उभा धागा, आडवा धागा. कापडाने श्वास सोडला असावा आणि तो चांदीवर बसला असावा, तसं. आमच्या दुकानात असा रंग एकदा जरी लागला असता तर मालकाने दारात टांगून ठेवला असता.

बाबा म्हणाले, "सांग ना." मी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मी काहीही सांगताना त्यांनी इतकं लक्ष देऊन ऐकल्याचं मला आठवत नाही. नंतर त्यांनी पिशवी मागून घेतली आणि अंगठ्याने शिवण चाचपत शेवटच्या टाक्यापर्यंत गेले. त्यांच्या शर्टाची बटणं बावीस वर्षं मी लावते. ती कुणी चाचपून बघितली नाहीत.

माझ्या पोटात दुखलं, दुसरं काय. पोटदुखी जुनीच आहे.

थंडीत मोजे घालत जा. बाबांचे आशीर्वाद.

तुझी
मावशी

सोमवार, १० मार्च

चि. ठके,

आशीर्वाद. तुझं नवं ऑफिस तळमजल्यावर आहे हे वाचून बरं वाटलं, गुडघ्यांना आराम. आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आम्ही कालपासून एकमेकांशी बोलत नाही.

वरचा कप्पा संपला आणि मागच्या रविवारी खालचा सुरू केला. खालचं पहिलं नाणं तुझ्या जन्माच्या सालाचं. मी पिशवीची नाडी सोडली, नाणं खिडकीत धरलं. एक बाजू वरच्यांसारखीच, किंबहुना सगळ्यांत देखणी. अंजिरी, निळा, कडेला सोनेरी. उलटून दुसरी बाजू बघितली तर काळी.

काळपट नव्हे. काळ्याचे प्रकार मला कळतात. एक निळ्यातून आलेला काळा असतो, त्यात उन्हात निळं दिसतं. एक तपकिरीतून आलेला, तो उबदार असतो. आणि एक मेलेला, त्यातून काहीच परत येत नाही. हा तिसरा होता.

आता एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. मला आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं, पण आधी बरं वाटलं. मनात आलं, घ्या! बावीस वर्षं जिच्या पिशव्यांचे गोडवे ऐकले, त्याच पिशव्यांनी शेवटी नाणं खाल्लं. रंग देता देता जास्त दिला. कापडाचं असंच असतं, भट्टीतून वेळेवर काढलं नाही तर लाल रंगसुद्धा काळा होतो.

"कसं आहे?" बाबा म्हणाले.

"एक बाजू छान. एक काळी."

"काळपट म्हणायचंय तुला."

"काळी. आणि बाकीचीही होतील. नाणी पिशव्यांतून काढा, चष्मेवाल्यांकडे त्या नाण्यांच्या पारदर्शक डब्या मिळतात, त्यात ठेवा. पिशव्या धुऊन ठकीला पाठवून देऊ."

त्यांनी हात पुढे करून पिशवी मागून घेतली. मग म्हणाले, "तुला त्या पिशव्या पहिल्यापासून खुपतात."

"खुपतात," मी म्हटलं. "पण मला खुपतात म्हणून नाणं काळं होत नाही."

"धुऊन, म्हणे!"

तेवढं बोलून ते उठले. मीही धुवायचं बोलायला नको होतं, ते माझं चुकलं. दुकानातली जीभ.

काल दुसरी पिशवी उघडली. त्याही नाण्याची एक कड काळवंडलेली. मी सांगितलं तर मान हलवली नाही की हूं केलं नाही. संध्याकाळी चष्मेवाल्यांना बोलावणं गेलं. ते यांचे जुने मित्र, स्वतः नाणी जमवतात, माणूस सज्जन आहे. पण आले कधी, तर दिवेलागणीला! पिवळ्या बल्बखाली भिंग लावून तुझं नाणं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे काळं नाही. गडद निळं आहे. असं निळं लोकांना बघायलाही मिळत नाही. आणि मूळ पिशवीतून काढलंत की नाणं पोरकं झालं बघा. मग कोण विश्वास ठेवणार की रंग खरा?"

पिवळ्या दिव्याखाली रंग बघणाऱ्याच्या हातात आमच्या मालकाने बादलीसुद्धा दिली नसती. तसं मी म्हणालेही. चष्मेवाले गेल्यावर बाबा म्हणाले, मित्रांसमोर शोभा केलीस.

तर आता अशी गंमत आहे. मी हेवा करते हे सगळ्या घराला ठाऊक आहे, म्हणून मी खरं बोलले तरी तो हेवाच ठरतो. नाणं काळं होत चाललंय, आणि जिला ते दिसतंय तिच्या बोलण्याला किंमत नाही. असंच चाललं तर वर्षभरात खालचा अख्खा कप्पा जाईल. तुझ्यासाठीच ठेवलंय ते सगळं, आणि त्यात तुझ्या सालाचं आहे. तू ये, ठके. रविवारी सकाळी ये, खिडकीत धरून बघ, आणि तुझ्या तोंडाने त्यांना सांग. तुझं ऐकतील.

तुझी
मावशी

शुक्रवार, २१ मार्च

चि. ठकीस,

पत्र पोचलं. "कृपा करून आईच्या वस्तूंना हात लावू नका" हे वाक्य दोनदा वाचलं. हात मी आपणहून लावला नाही, पेटी माझ्या हातात दिली गेली. आणि हे "नका" कधीपासून? तुझ्या अकराव्या वर्षी मी घरात आले तेव्हा तू मला पहिल्याच दिवशी मावशी म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी अगं-तुगं केलंस. मी त्यावर बावीस वर्षं खूश होते. एका ओळीत मला अहो-जाहोवर नेऊन बसवलंस. फार उंच आसन दिलंस, धन्यवाद.

यायला सुट्टी नाही, पण काय करू नये ते तिथून सांगायला वेळ आहे. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात.

मला तुझ्या आईचा हेवा वाटतो. हे तुला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, बहुधा खालच्या कुत्र्यालाही माहीत आहे. ती गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, म्हणजे तिच्यावर चिडायची तुझी वेळ आलीच नाही. तुझी चिडायची सगळी वर्षं माझ्या वाट्याला आली. दारं तू माझ्यासमोर आपटलीस. आणि टाके तिचे चाचपले जातात. मेलेल्या माणसाशी भांडून जिंकता येत नाही, कारण ते उलट बोलत नाही.

मी पेटी बंद केली आहे. किल्ली बाबांच्या उशाशी. तुमच्या वस्तू, तुमची नाणी, तुमचा काळा रंग.

मावशी

रविवार, ६ एप्रिल

प्रिय ठके,

हे पत्र मी मंगळवारपासून लिहिते आहे. तीन कागद फाडले.

मंगळवारी मी भांडी घासताना रबरी हातमोजे घातले. बोटाला चीर पडली होती, म्हणून. काम झाल्यावर मोजे काढले आणि बोटातल्या चांदीच्या अंगठीकडे लक्ष गेलं. काळवंडली होती. त्यात नवीन काही नाही. दुकानात मोजे घालून दिवसभर काम करायचो तेव्हा आम्हा सगळ्या बायकांच्या अंगठ्या काळ्या व्हायच्या. रबरात गंधक असतो, तो चांदीला खातो. मालक पहिल्याच दिवशी सांगायचा, चांदी घरी ठेवून या. आम्ही ऐकायचो नाही, मग घरी गेल्यावर अंगठी घासत बसायचो.

मी अंगठी पुसायला घेतली आणि हात तिथेच थांबला.

बाबा झोपले होते. उशाशी हात घातला, किल्ली घेतली, पेटी उघडली. वरच्या कप्प्याला नाक लावलं, जुन्या कापडाचा वास. खालच्या कप्प्याला लावलं, रबराचा. वरची नाणी पुठ्ठ्यावर, सगळी छान. खालची माझ्या रबरावर. जी बाजू रबराकडे, तीच काळी. तुझी पिशवी कोपऱ्यात होती, तिथे मी रबर दुमडून दुहेरी केलं होतं, कोपरा घट्ट बसावा म्हणून.

तुझ्या आईच्या पिशव्यांनी इतकी वर्षं रंग दिला, एक नाणं खराब केलं नाही. ते काम मी एका वर्षात केलं.

ठके, मी ते रबर हातात घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसले. सगळं लिहायचंच ठरवलंय, तर तिथे मनात काय आलं तेही लिहिते. ते रबर कचऱ्यात टाकायचं आणि गप्प बसायचं. कुणाला कळलं असतं? नाणी पुढे काळी झाली नसती, आणि झाली ती पिशव्यांनी केली असंच राहिलं असतं. तुझी आई एकदा तरी चुकली, असं ह्या घरात कायमचं नोंदलं गेलं असतं. मला ते हवं होतं. किती हवं होतं ते सांगत नाही, तुला माझ्याकडे बघवणार नाही.

मग आत खोकल्याचा आवाज आला. "पेटी कुणी उघडली?" त्यांना दिसत नाही, पण त्या झाकणाचा आवाज ते स्वप्नातही ओळखतात.

मी रबर नेऊन त्यांच्या हातात ठेवलं. "हे घ्या. नाणी ह्याने काळी झाली. पिशव्यांनी नाही. मी घातलं होतं."

त्यांनी ते चाचपलं, नाकाशी नेलं. "हे कुठून आणलंस?"

"तुमच्या कामाच्या टेबलावरचं कापून घेतलं. तुम्ही म्हणालात, घे, आता मला काय करायचंय."

"माझ्याच हाताखालचं," ते म्हणाले. "तीस वर्षं ह्याच्यावर घड्याळं उघडली. चांदीच्या डब्यांची घड्याळं मी ह्याच्यावर रात्रभर कधी ठेवली नाहीत. मला कळायला हवं होतं."

"मलाही कळायला हवं होतं. अंगठ्या घासून घासून बोटं झिजली माझी."

"का घातलंस पण?"

"पिशव्या घसरून खाली पडायच्या. तुम्ही गुडघ्यावर बसून जमीन चाचपत बसायचात. माझ्याने ते बघवत नव्हतं."

त्यांनी रबर बाजूला ठेवलं. मान फिरवली आणि माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता महिनाभर अबोला. मी उठायला लागले. तरी ते बघतच होते, कॅलेंडर आणि खुंटी यांच्या मधल्या जागेकडे. मग मला आठवलं, भिंतीकडे बघितलं की मी दिसते. मी परत बसले.

नंतर रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, ते त्यांना जमत नाही. म्हणाले, "शर्टाचं वरचं बटण सैल झालंय." मी म्हटलं, "उद्या लावते." "आत्ता लाव," म्हणाले. म्हणून अंगावरच लावलं. लावून झाल्यावर त्यांनी ते अंगठ्याने चाचपून बघितलं, आणि म्हणाले, "घट्ट आहे."

आता पुढचं. खालच्या कप्प्यात न रंगवलेलं जुनं सुती कापड तीन पाण्यांतून काढून, नीट वाळवून अंथरलंय. नाणी आपापल्या पिशव्यांत परत गेली. तिथेच राहतील. पिशव्या धुवायच्या नाहीत, हे मी आपणहून म्हणाले. चष्मेवाले आले, ह्या वेळी सकाळी आले, खिडकीत उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, काळं आहे." मी काही बोलले नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, तोंड उघडायला जागाच उरली नव्हती.

बाकीच्या चार नाण्यांच्या कडा तेवढ्या गेल्या आहेत, ती तशीच राहतील म्हणे. प्रश्न तुझ्या नाण्याचा आहे. चष्मेवाल्यांकडे एक औषध आहे. त्यात बुडवून काढलं की काळं क्षणात जातं, नाणं टांकसाळीतून आलं तसं पांढरंशुभ्र होतं. पण एकच बाजू बुडवता येत नाही. काळं जाईल त्याबरोबर दुसऱ्या बाजूचं अंजिरीही जाईल, निळंही जाईल, कापडाची वीणही जाईल. मग पिशवी मूळची आणि नाणं कोरं. ठेवायचं तर दोन्ही बाजू ठेवायच्या, धुवायचं तर दोन्ही धुवायच्या.

मी बाबांना विचारलं, काय करायचं. म्हणाले, "तिच्या सालाचं आहे. तिला विचार."

म्हणून विचारते. पत्राने सांगू नकोस. ये, सकाळच्या उजेडात बघ, दोन्ही बाजू बघ, मग सांग. मागच्या पत्रातलं माझं बोलणं मी परत घेत नाही, ते खरं होतं, पण तू एकदा समोर उभी राहून मला अगं म्हण, म्हणजे मला पुरे.

आणि आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर माझं तोंड बघून कोड्यात पडायला नको. धुवायचं म्हणालीस तर मी अडवणार नाही. मीच नेऊन देईन चष्मेवाल्यांकडे. पण मला वाईट वाटेल, आणि ते तुझ्या आईच्या रंगांसाठी नसेल. तिची दहा आहेत अजून. त्या पेटीत माझं म्हणावं असं तेवढं एकच आहे.

वाट बघते.

काळ्या बाजूची
मावशी